आकड्यांचा शॉट

तुल्यो मेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी त्याच्या तोंडात पहिलं वाक्य घातलं. "बाई, हे कपाट काही जिन्यातून जायचं नाही. आधी नवऱ्याला बाहेर काढा." डबिंगच्या खोलीतले सगळे हसले आणि हसता हसता एकदम गप्प झाले. पडद्यावर तुल्यो अजून हसत होता.

मी ओरेस्ते. माझा चेहरा कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. टक्कल, पोट, दोन हनुवट्या. पण रोमच्या ट्राममध्ये मी तोंड उघडलं की माणसं वळून बघायची. "अगदी तुल्यो पेरोत्तीसारखा आवाज आहे हो तुमचा!" मी नुसता हसायचो. आवाज माझाच होता. अकरा सिनेमांत तुल्यो पडद्यावर धडपडला, त्याने मार खाल्ला, तो प्रेमात पडला, आणि त्याचा प्रत्येक शब्द मी बोललो. आमच्याकडे तसंच चालतं. शूटिंगला आवाजाची फिकीर कुणी करत नाही. जनरेटर घरघरत असतो, सुतार शेजारी खिळे ठोकत असतो, दिग्दर्शक शॉट चालू असतानाच कर्ण्यातून ओरडत असतो. मग महिना दोन महिन्यांनी आम्ही अंधाऱ्या खोलीत उभे राहतो आणि नटांच्या हलणाऱ्या तोंडांत शब्द भरतो. देव कुणाला चेहरा देतो, कुणाला आवाज. आमच्या धंद्यात दोघांचं लग्न लावून देतात, आणि नवरानवरीला विचारत कुणीच नाही.

तुल्योचा चेहरा म्हणजे देणगी होती. घोड्यासारखं लांब नाक आणि मार खाल्लेल्या कुत्र्याचे डोळे. तो नुसता दारातून आत आला तरी लोक हसायचे, आणि हसल्याचं त्यांनाच वाईट वाटायचं. बोलायला लागला की मात्र डोंगरातला गावठी हेल, घोगरा, मधेच फाटणारा आवाज. पहिल्याच सिनेमाला निर्माता म्हणाला, याला दुसरा आवाज लावा, आणि लावला मला.

या बाराव्या सिनेमात तो सामान हलवणारा हमाल होता. शहरभर नव्या इमारती उभ्या राहताहेत, हा लोकांचे पलंग, आरसे, पियानो पाचव्या मजल्यावर चढवतोय, आणि त्याला स्वतःला मात्र कुठे खोली मिळत नाही. बायको कंटाळून निघून जाते. अर्धा वेळ पोट धरून हसावं आणि शेवटी घसा दाटून यावा, असा सिनेमा. आमचे दिग्दर्शक मोरगांती, त्यांना सगळे मास्तर म्हणतात, त्यांचा हातच तसा होता.

आता ते सांगतो जे मला सांगायचं नाही.

त्या वसंतात तुल्योने मास्तरांकडे हट्ट धरला होता. एकदा, फक्त एकदा, मला माझ्या आवाजात बोलू द्या. मास्तरांनी चाचणी घेतली. मी काचेमागे उभा राहून ऐकली. नंतर मास्तरांनी मला पॅसेजमध्ये गाठून विचारलं, "तुला काय वाटतं, ओरेस्ते? खरं सांग."

मी म्हणालो, "मास्तर, रडायच्या जागी लोक हसतील. घशात कोंबडी अडकल्यासारखं वाटतंय."

त्यात अर्धं खरं होतं, आणि म्हणूनच ते इतकं नीच होतं. उरलेलं अर्धं हे, की त्याने एकदा तोंड उघडलं असतं तर मी संपलो असतो. तुल्यो नसला की मी कोण? टकल्या, पोटाळ्या. संध्याकाळी तो खालच्या बारमध्ये भेटला. म्हणाला, "माझं होत नाहीये म्हणे." मी म्हणालो, "अरेरे! कोण म्हणालं?" तेही मी फार छान म्हटलं. माझा धंदाच तो.

शूटिंग संपलं, आणि सप्टेंबरात एका सकाळी तो जिन्यात बुटाची नाडी बांधायला वाकला तो उठलाच नाही.

डबिंग कसं होतं ते एवढ्यासाठी सांगतो, की त्याशिवाय माझी दशा कळायची नाही. सिनेमाचे छोटे छोटे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याची दोन टोकं एकमेकांना चिकटवतात. त्याला आम्ही कडं म्हणतो. कडं यंत्रावर चढवलं की तेच अर्धं मिनिट पुन्हा पुन्हा फिरतं, आपला शब्द ओठांवर बरोब्बर बसेपर्यंत. वीस वेळा, तीस वेळा. मेलेला माणूस दारातून येतो, टोपी काढतो, माझ्याकडे बघून तोंड हलवतो, जातो. परत दारातून येतो. टोपी काढतो. मी रोज आठ तास त्याच्या तोंडाकडे बघत होतो. नुसतं ऐकायचं असतं तर परवडलं असतं. पण तो मुका होता, आणि बोलायचं मला होतं.

घरी आल्यावर माझी बायको इनेस म्हणाली, "जेवताना बोलू नकोस हं. अंगावर काटा येतो." ती चेष्टा करत नव्हती. भाजीवालीकडे मी पाव किलो पालक मागितला तर तिने छातीवर क्रूस काढला आणि पालकाऐवजी टोमॅटो दिले. ट्राममध्ये आता कुणी हसून वळत नव्हतं. मागच्या बाकावरची एक म्हातारी रडायलाच लागली. मी पुढच्या थांब्याला उतरलो आणि चालत घरी गेलो. आजवर त्याला आवाज नव्हता असं मी समजत होतो. आता लक्षात आलं, की मलाच आवाज उरला नव्हता. जो होता तो मेला होता.

शेवटचं कडं आलं ते एका मंगळवारी. सिनेमाचा शेवट. हमाल नव्या इमारतीच्या चौकात उभा आहे. वर पाच मजले बंद खिडक्या. त्यातल्या एका खिडकीमागे त्याची बायको आहे. तो मान वर करून हाका मारतो. खिडकी उघडत नाही. तो निघून जातो. एवढंच.

हा शॉट आकड्यांचा होता. शूटिंगच्या दिवशी शेवटी काय बोलायचं यावर लेखकाचं आणि निर्मात्याचं जुंपलं होतं, संवादच ठरला नव्हता. असं झालं की दिग्दर्शक नटाला सांगतो, तू आकडे मोज, शब्द आम्ही मागाहून भरू. नट डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, एकोणीस, वीस, एकवीस. आमच्याकडे मोठमोठ्या प्रेमप्रसंगांत माणसं एकमेकांना पाढे म्हणून दाखवतात, आणि थिएटरात बायका रुमाल भिजवतात.

निर्मात्याने आता एक विनोदी वाक्य ठरवलं होतं. "अगं, निदान माझी शिडी तरी खाली टाक!" लोकांनी हसत बाहेर पडलं पाहिजे म्हणे.

आकड्यांचा शॉट भरायला सोपा. आमच्या भाषेत एकपासून मोजायला लागा, नऊशे नव्व्याण्णवपर्यंत दोन ओठ एकमेकांना एकदाही टेकत नाहीत. तोंड सारखं उघडंच. मग त्यावर काय वाट्टेल ते बसतं. हे आम्हा चार डबिंगवाल्यांखेरीज जगात कुणाला ठाऊक नसेल, आणि ठाऊक असायचं कुणाला कारणही नाही.

कडं फिरायला लागलं. मी शिडीचं वाक्य म्हटलं. बसेना. परत म्हटलं. बसेना. मास्तर मागून म्हणाले, "ओरेस्ते, आज काय झोप झाली नाही वाटतं?" नवव्या फेरीला मी बोलणं सोडलं आणि नुसता बघत राहिलो.

तुल्योचे ओठ मिटत होते.

उघडले, मिटले. उघडले, मिटले. मधे थांबला. परत मिटले. तो आकडे मोजत नव्हता. पडद्यावरून मेलेला माणूस सरळ माझ्याकडे बघून काहीतरी सांगत होता, आणि अकरा वर्षं त्याचं तोंड पाठ असलेल्या मला ते कळत नव्हतं.

"डोकं दुखतंय," असं सांगून मी बाहेर पडलो आणि एलिदेच्या खोलीत गेलो. एलिदे आमची संकलक. तीस वर्षं फिल्म कापतेय, बोटांना कायम चिकटपट्टी, जिभेवर कायम काटे.

"शेवटच्या शॉटचा शूटिंगचा कच्चा आवाज आहे?" मी विचारलं.

"आकड्यांचा? तो कशाला हवाय? मोजणी विसरलास?"

"आहे का नाही ते सांग."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "बस. भूत बघितल्यासारखा दिसतोयस."

कच्चा आवाज असतो, पण आकड्यांच्या शॉटचा कुणी ऐकत नाही. आकडे काय ऐकायचे? शूटिंगचा आवाजवालासुद्धा अशा वेळी कानांवरचे हेडफोन काढून ठेवतो आणि पाव खात बसतो. एलिदेने कचऱ्यात जायच्या डब्यांतून फीत शोधून काढली आणि लावली.

आधी जनरेटरची घरघर. लांबून कर्ण्यातले मास्तर, "वर बघ, तुल्यो! अजून वर! मोजत राहा!" कुठल्या तरी देवळाची घंटा. आणि मग जवळून, अगदी माईकच्या तोंडाशी, तो घोगरा, फाटका आवाज.

"ओरेस्ते. तूच बघत असशील. माझ्या तोंडाकडे दुसरं कोण बघतंय, मरायला? मला पॅसेजमधलं सगळं कळलंय. कोंबडी म्हणालास ना? बरोबर म्हणालास, लेका. माझी बायको असती तर तीही हेच म्हणाली असती. मला राग नाही. म्हणजे आहे, पण तो खाली ये आणि मिटव. हे बघशील तेव्हा मी बारमध्येच बसलेला असेन. पण माझं एक ऐक. माझ्या आईला दिसत नाही. मी सिनेमात गेलो त्याच्या आधीपासून दिसत नाही. अकरा सिनेमे ती समोर बसते आणि शेवटपर्यंत विचारते, तुल्यो कधी येणार? मी समोर असतो रे. मी पहिल्यापासून समोर असतो. पण तिला तू ऐकू येतोस. एवढा एक शेवट मला दे. बाकी सगळा तुझा."

मास्तर ओरडले, "आता हाक मार! जोरात!"

आणि त्याने हाक मारली. बायकोला नाही. "मा! ओ मा! खिडकीत ये! मी आलोय, मा!" तिसऱ्या हाकेला आवाज मधोमध फाटला.

फीत संपून चाकावर फटफट वाजत राहिली. एलिदेने ती बंद केली नाही. मी रडलो. लाज वाटून रडलो, आणि तो खाली बारमध्ये नाही म्हणून रडलो. तो हे बोलला तेव्हा त्याला आणखी दोन महिने होते. आम्ही एकाच बारमध्ये रोज भेटत होतो. तो वाट बघत होता, मी हा शॉट कधी पाहतो याची.

"कोंबडी काय प्रकार आहे?" एलिदेने विचारलं. मी सांगितलं. तिने फटफटणारं चाक हाताने थांबवलं. मग म्हणाली, "तू इतका हलकट असशील असं वाटलं नव्हतं. नाक पूस. मास्तरांना सांगायला तूच जायचंस."

मास्तरांना मी फीत ऐकवली आणि वसंतातलं सगळं कबूल केलं. ते खिडकीपाशी पाठ करून उभे होते.

"मी तुला का विचारलं, माहीत आहे?" ते म्हणाले. "कारण तू काय म्हणशील ते मला ठाऊक होतं. मलाही भीती होतीच. तुझ्या तोंडून वदवून घेतलं, बस्स. तू एकटाच पापी आहेस असं समजून मिरवू नकोस."

"मग आता?"

"आता काय? तो आवाज लावला तर आधीचा सगळा खोटा ठरतो. लोक विचारतील, मग आजवर कोण बोलत होतं? तुला पुढे कोण उभं करेल?"

"मला असंही उभं राहता येत नाहीये, मास्तर. भाजीवाली टोमॅटो देते."

त्यांना ते कळलं नसावं. त्यांनी कोट चढवला. "निर्माता मिलानला गेलाय. मी कॉफीला जातो. परत येईन तेव्हा शेवटचं रीळ तयार असू दे," म्हणाले, आणि दारातून वळून एलिदेला ओरडले, "त्या जनरेटरचा आवाज जरा खाली घे गं!"

माझ्यासाठी जे बोलणं होतं ते एलिदेने काढून टाकलं, आणि तेवढ्या वेळचे हलणारे ओठ बंद खिडक्यांच्या चित्रांनी झाकले. तीन हाका तेवढ्या ठेवल्या. शिडी गेली.

रोममध्ये सिनेमा लागला तेव्हा पहिल्या हाकेला काही लोक हसले. खोटं सांगत नाही, मी म्हणालो होतो तसेच हसले. दुसऱ्या हाकेला थोडे कमी. तिसरीला कुणीच नाही. बाहेर पडताना एक माणूस बायकोला म्हणत होता, "शेवटी बोलला तो कोण गं?" निर्मात्याने मास्तरांना काय सुनावलं ते मास्तरांनी कधी सांगितलं नाही. मला त्याने पुन्हा बोलावलं नाही.

पण माझं काम तिथे संपत नव्हतं. नोव्हेंबरात तुल्योच्या गावी, चर्चच्या हॉलमध्ये, सिनेमा येणार असं कळलं आणि मी बस पकडली.

बस चार तास डोंगर चढत राहिली, आणि उतरलो तेव्हा गावात धूर आणि भाजलेल्या चेस्टनटचा वास होता. बारमध्ये शिरलो आणि लक्षात आलं की इथे मला तोंड उघडता येणार नाही. भिंतीवर तुल्योचा फोटो, खाली मेणबत्ती. कॉफी हवी म्हणायला तोंड उघडलं असतं तर त्यांनी मला जाळलं असतं, नाहीतर पाया पडले असते. मी बोटाने कॉफीचं यंत्र दाखवलं. बारवाला हळहळला. "मुका आहे बिचारा," तो इतरांना म्हणाला, "याला बिस्कीटही द्या." मी बिस्कीट खाल्लं. मला वाटतं, त्या दिवशी मला मिळालेली ती सर्वांत योग्य शिक्षा होती.

हॉल भरला होता. पाद्रीबाबा स्वतःच यंत्र चालवत होते. एकच यंत्र, त्यामुळे प्रत्येक रिळानंतर दिवे लागायचे आणि लोक शेंगदाणे खायचे. तुल्योची आई, एर्सिलिया, पहिल्या रांगेत बसली होती. काळी शाल, मांडीवर पालथे हात, डोळे दुधासारखे. शेजारी तिची भाची देलिया. मी बरोब्बर त्यांच्या मागे बसलो.

सिनेमा सुरू झाला. कपाट, नवरा, जिना. गाव हसून लोळत होतं. म्हातारी हसली नाही.

"आला का गं?"

"आलाय, आत्या. केव्हाचा आलाय. पियानो उचललाय बघ त्याने."

"हा नव्हे," म्हातारी म्हणाली. "हा मेला तो दुसरा आहे."

मी खुर्चीत आणखी खाली सरकलो. पडद्यावर मी बोलत होतो, प्रेमाने, लडिवाळपणे, माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, आणि प्रत्येक वाक्याला ती मान हलवत होती, दारात भलताच माणूस आल्यासारखी. दुसऱ्या रिळात तिने तेच विचारलं. तिसऱ्यात विचारलं. चौथ्यात विचारणं सोडलं. देलियाने तिचा हात धरला. मला वाटलं, आता ती उठून घरी जाईल, शेवटाच्या आधी पाच मिनिटं, आणि मी हाक मारून थांबवूही शकणार नाही.

ती उठली नाही. सवयीने बसून राहिली असावी.

चौक आला. खिडक्या आल्या. आणि हॉलमध्ये घरघर सुरू झाली, घंटा वाजली.

"मा! ओ मा! खिडकीत ये!"

म्हातारी उभी राहिली. शाल खाली पडली. "आले रे," ती म्हणाली, मोठ्याने, आतल्या खोलीतून म्हणतात तसं. "आले, आले. थांब जरा."

"मी आलोय, मा!"

"आले म्हटलं ना!" आणि हात पुढे करून ती चालायला लागली. देलियाने कमरेला धरलं म्हणून, नाहीतर ती पडद्यावरच गेली असती. गावातलं कुणी हललं नाही. पडदा पांढरा झाला. पाद्रीबाबांनी दिवे लावले आणि तिथेच उभे राहिले.

म्हातारी पांढऱ्या पडद्यासमोर मान वर करून उभी होती. मग तिने मान वळवली. "हे कोण रडतंय?"

मी तोंडात रुमाल कोंबला होता, पण आंधळ्यांचे कान. ती दोन पावलं आली. "कोण आहे? गावातलं नाही हे."

"मुका आहे तो, एर्सिलिया काकू," मागून बारवाला म्हणाला. "पाहुणा आहे."

मला खोटं बोलायचं नव्हतं. एकदा पुरे झालं होतं. "मी आहे, बाई," मी म्हणालो.

हॉलमधून वारं गेल्यासारखा आवाज झाला. देलियाने क्रूस काढला. म्हातारी मात्र अजिबात दचकली नाही. तिने हात पुढे केला, माझं टक्कल चाचपलं, नाक चाचपलं, आणि बोटं माझ्या ओठांवर आणून थांबली. खरखरीत बोटं, त्यांना लसणीचा वास.

"हं," ती म्हणाली. "म्हणजे इतकी वर्षं माझ्या पोराच्या तोंडात तू होतास तर."

"मला माफ करा. त्याला बोलायचं होतं, आणि मी..."

तिने बोटं दाबली. माझे ओठ मिटले.

"आता गप्प बस हं बाळा," ती म्हणाली. रागाने नाही, चर्चमध्ये पोराला गप्प करतात तशी. "त्याला बोलू दे."

मग तिने यंत्राकडे तोंड केलं आणि पाद्रीबाबांना म्हणाली, तेवढंच परत लावा. पाद्रीबाबांनी रीळ मागे घेतलं आणि दिवे घालवले. सात वेळा लावलं त्यांनी. सातही वेळा ती माझ्या शेजारी बसून त्याला उत्तर देत होती, आणि तिचा हात माझ्या तोंडावर होता.